ॲमॅटिक एससी: उंच, सडपातळ अक्षरांचा फाँट आणि आपल्याकडच्या तीन लिप्यांच्या पाट्या

ॲमॅटिक एससी हा इंग्रजी अक्षरांचा फाँट बेळगावात सतत नजरेखालून जातो, पण त्याचे नाव विचारले तर डीटीपी करणाऱ्यांपैकीही थोड्यांनाच सांगता येईल. टिळकवाडी आणि कॅम्प भागातल्या कॅफेंची मेनूकार्डे, जांबोटीहून चोर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या होमस्टेच्या पाट्या, घरगुती लोणच्यांच्या बरण्यांवरची लेबले, बारशाच्या आणि पहिल्या वाढदिवसाच्या पत्रिका अशा ठिकाणी उंच, अंगाने सडपातळ, किंचित डुलणारी आणि पेनाने सावकाश काढल्यासारखी वाटणारी कॅपिटल अक्षरे दिसली, तर ती याच फाँटाची असण्याचा संभव मोठा. लग्नपत्रिका, लेबले आणि दुकानांच्या पाट्यांचे आराखडे करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे हा फाँट मी पुष्कळ वापरला आहे, आणि गिऱ्हाईक मोबाईलवरच्या एखाद्या चित्रावर बोट ठेवून ‘हेच अक्षर पाहिजे’ म्हणते तेव्हा पुष्कळदा नाकारलाही आहे. माझे मत थोडक्यात असे, की एखाददुसरा शब्द मोठा करून दाखवायचा असेल तर याच्यासारखा फाँट मोफत मिळणे भाग्याचे आहे. मात्र माहिती द्यायची असेल तर तो वापरू नये, आणि एकाच पाटीवर कन्नड, मराठी आणि इंग्रजी बसवायचे असेल तर इतर दोन लिप्यांचे ठरल्यानंतरच त्याचा विचार करावा.

हा फाँट व्हर्नन ॲडम्स यांनी काढला. त्यांचे नाव ओळखीचे नसले तरी काम ओळखीचे आहे, कारण ओस्वाल्ड, अँटन, बँगर्स आणि पॅसिफिको हे फाँटही त्यांचेच, आणि संगणकावर पाट्या करणाऱ्या माणसाने यांपैकी एकही कधी वापरला नसेल असे मला वाटत नाही. 2010 मध्ये गूगल फाँट्स ही मोफत फाँटांची सेवा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ज्या मोजक्या लोकांनी मोकळ्या परवान्याखाली भरघोस काम दिले, त्यांत ॲडम्स होते. 2014 मध्ये त्यांना अपघात झाला आणि 2016 मध्ये त्यांचे निधन झाले. ॲमॅटिक एससी हा एसआयएल ओपन फाँट लायसन्सखाली मिळतो. त्यामुळे पाटी, पत्रिका, पिशवी, वेबसाइट अशा कोणत्याही व्यावसायिक कामात तो एक पैसाही न देता वापरता येतो, फक्त फाँटाची फाइल एकटीच विकायला काढता येत नाही. रेग्युलर आणि बोल्ड अशी दोनच वजने, म्हणजे रेघेच्या जाडीचे प्रकार, आहेत. लॅटिनखेरीज त्यात सिरिलिक आणि हिब्रू अक्षरे आहेत. देवनागरी नाही आणि कन्नडही नाही. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या कॅफेला ही उणीव तितकीशी जाणवणार नाही, पण आपल्याकडे पाटी एका लिपीत कधी पूर्ण होतच नाही, त्यामुळे या परीक्षणाचा मोठा भाग या उणिवेनेच व्यापला आहे.

आधी गुण सांगतो. ॲमॅटिकची रेघ जवळजवळ एकाच जाडीची आहे; पण ती पट्टीने ओढलेली नाही, मध्येच थोडी कलते, टोकाला थोडी बोथट होते, आणि दोन उभ्या रेघा कधी अगदी समांतर जात नाहीत. गोल असायला हवीत अशी ओ, सी, जी ही अक्षरेही त्यात उभट आहेत, आणि ई-एफच्या आडव्या रेघा इतक्या आखूड आहेत की चार इंच रुंदीच्या लेबलावर बारा-चौदा अक्षरांचे नाव दाटी न करता बसते. हाताने काढल्याचा भास देणारे बहुतेक फाँट पसरट असतात, आणि चिंचोळे असणारे बहुतेक फाँट वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखे कडक असतात. हे दोन गुण एकत्र आणताना ॲडम्स यांनी अक्षराची ओळख कुठेही पुसू दिलेली नाही. खेळकरपणाच्या नावाखाली अक्षरांना डोळे, शेपट्या किंवा फुलांच्या वेली लावण्याची जी हौस अनेक मोफत फाँटांत दिसते, तिच्यापासून हा फाँट पूर्णपणे दूर आहे. त्याचा खेळकरपणा केवळ प्रमाणात आणि रेघेच्या डुलण्यात आहे, आणि म्हणूनच इतकी वर्षे वापरूनही तो शिळा झालेला नाही.

त्यात स्मॉल अक्षरे नाहीत. कळफलकावर स्मॉल अक्षर दाबले तर त्याच अक्षराचे कॅपिटल रूप थोड्या कमी उंचीत येते. नवख्या माणसाला ही मर्यादा वाटते, पण सराव झाल्यावर हेच त्याचे सर्वांत उपयोगी अंग आहे असे लक्षात येते. हाताने काढलेल्या अक्षराचा भास मोडतो तो एकच अक्षर शब्दात पुन्हा आल्यावर, कारण माणसाच्या हातून दोन वेळा काढलेले अक्षर कधीही तंतोतंत सारखे येत नाही. कॉफीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एफ आणि ई दोन्ही अक्षरे लागोपाठ दोनदा येतात, आणि बेळगावीच्या स्पेलिंगमध्ये ए दोनदा येतो. ही जुळी अक्षरे तशीच ठेवली तर शब्द छापील असल्याची चुगली होते. अशा वेळी जोडीतले एक अक्षर मोठ्या उंचीचे आणि दुसरे लहान उंचीचे घ्यावे, आणि कोरल या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एखादे अक्षर केसभर वर-खाली सरकवावे, म्हणजे ओळीला जिवंतपणा येतो. हे काम फार वेळ खात नाही, तरी ते कोणी करत नाही, आणि शहरातल्या निम्म्याअधिक पाट्यांवर हा फाँट कोरडा दिसतो त्याचे कारण मला तरी हेच वाटते.

आता पाटीकडे वळतो. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली इथल्या जुन्या दुकानांची रुंदी मुळातच कमी, आणि मालकांच्या नावांना लांबीची हौस असते. वडिलांचे नाव, आडनाव, ‘अँड सन्स’ आणि धंद्याचा प्रकार हे सगळे एका ओळीत यावे असा आग्रह असतो. त्यातच 2024 मध्ये दुरुस्त झालेल्या कर्नाटकच्या कन्नड भाषाविषयक कायद्यानुसार व्यवसायाच्या पाटीवर 60 टक्के जागा कन्नडला द्यावी लागते आणि ती पाटीच्या वरच्या भागात असावी लागते. या नियमाच्या राजकारणात मी इथे शिरत नाही. आराखडा करणाऱ्यापुढे प्रश्न उरतो तो खालच्या 40 टक्के जागेचा, जिच्यात मराठी आणि इंग्रजी दोघांना शेजारी-शेजारी किंवा वर-खाली बसायचे असते. आठ फूट रुंद आणि तीन फूट उंच पाटी धरली तर मराठी आणि इंग्रजीच्या वाट्याला मिळून जेमतेम सव्वा फुटाची पट्टी येते. अशा पट्टीत इंग्रजी नाव आडवे न पसरवता उभे वाढवता आले तर मराठीला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि म्हणून चिंचोळ्या फाँटाची ओढ आपल्याकडे केवळ फॅशनची राहत नाही, ती गरजेची होते. ॲमॅटिक इतका लोकप्रिय का झाला याचे आपल्या गावापुरते उत्तर मला या पट्टीत सापडते.

तथापि त्याच पाटीवर तो सर्वांत वाईट दिसतो, हेही तितकेच खरे आहे. पाट्यांवरचे कन्नड अक्षर बहुधा जाड आणि गोलाईने भरलेले असते, त्याखाली ओत्तक्षरे (जोडाक्षरातली खाली लिहिली जाणारी व्यंजने) लोंबतात, आणि लांबून पाहिले तर त्याचा एक भरीव गडद पट्टा तयार होतो. मराठीही पेंटरच्या सवयीने ठळकच लिहिली जाते. त्यांच्याखाली ॲमॅटिकची रेग्युलर अक्षरे ठेवली की ढोल-ताशाच्या पथकात कोणी एकटा बासरी वाजवत असल्यासारखे होते. ती आहेत हे जवळ गेल्यावर कळते. पाटी करणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशोब चालतो, की दहा फुटांवरून सुखाने वाचता यावे म्हणून अक्षराची उंची एक इंच असावी. तो हिशोब साधारण जाडीच्या आणि साधारण रुंदीच्या अक्षराचा आहे. ॲमॅटिक वापरायचा तर मी ही उंची दुप्पट धरतो, आणि तीही बोल्डसाठी. रेग्युलर वजन रस्त्यावरच्या पाटीसाठी नाहीच, ते हातात धरून वाचायच्या कागदासाठी आहे. ज्यांची पाटी चालत्या वाहनातून वाचली जाणार आहे, म्हणजे महामार्गावरचे धाबे, खानापूर रस्त्यावरची नर्सरी, निपाणीजवळची उसाच्या रसाची दुकाने, त्यांनी या फाँटाच्या वाटेला जाऊ नये.

मग सोबतीला मराठी कोणत्या फाँटात लिहावी? इथे सर्वांत जास्त घडणारा प्रकार असा, की हाताशी असलेला कोणताही देवनागरी फाँट घेतला जातो आणि इंग्रजीच्या रुंदीशी जुळावा म्हणून कोरलमध्ये दोन्ही बाजूंनी दाबून चिंचोळा केला जातो. असे दाबल्याने अक्षराची रुंदी घटते, पण त्याबरोबर उभ्या रेघांची जाडीही घटते, आणि शिरोरेषा मात्र पूर्वीइतकीच जाड राहते. परिणामी प, म, स यांचे काने काडीसारखे बारीक होतात आणि वरची रेघ तुळईसारखी दिसू लागते. जोडाक्षरांत हा दोष दुप्पट होतो. ‘लक्ष्मी’ किंवा ‘ज्ञानेश्वर’ लिहून ते सत्तर टक्क्यांवर दाबून पाहावे, म्हणजे मला काय म्हणायचे आहे ते डोळ्यांनीच कळेल. कन्नडची स्थिती याहून वाईट होते, कारण त्या लिपीचा जीव गोलाईत आहे आणि दाबलेली गोलाई लगेच अंडाकृती होऊन डोळ्यांना खुपते. लिपी चिंचोळी हवी असेल तर मुळात चिंचोळा काढलेला फाँटच घ्यावा लागतो, त्याला पळवाट नाही.

तसे देवनागरी फाँट आता आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचे खंड आणि तेको हे दोन्ही मोफत आहेत, दोन्हींत पाच-पाच वजने आहेत आणि दोन्ही जागेत काटकसरी आहेत. मात्र त्यांचा स्वभाव ॲमॅटिकच्या उलट आहे. तेको चौकोनी आणि खेळाच्या गुणफलकासारखा ताठ आहे. खंड त्यामानाने मऊ असला तरी हाताचा स्पर्श त्यात नाही. ॲमॅटिकशेजारी खंडचे लाइट किंवा रेग्युलर वजन ठेवले तर रेघांची जाडी जुळते, मन जुळत नाही. मेनूकार्डावर ही जोडी मी वापरतो, कारण तिथे पदार्थांची नावे शांतपणे वाचता येणे महत्त्वाचे असते आणि खेळकरपणा शीर्षकापुरता पुरतो.

हाताचा स्पर्श हवा असेल तर माझी पहिली पसंती रंगा या फाँटाला आहे. देवनागरी आणि लॅटिन अशा दोन्ही लिप्यांत असलेल्या या फाँटात गेल्या शतकाच्या मध्यावर हाताने काढल्या जाणाऱ्या मथळ्यांची आठवण आहे, रेग्युलर आणि बोल्ड ही दोन वजने आहेत, आणि अक्षरांची बांधणीही तुलनेने उभट आहे. ॲमॅटिकपेक्षा तो अंगाने भरलेला असल्यामुळे दोघांना एकाच आकारात ठेवू नये. मराठी थोडी लहान आणि ॲमॅटिकचे बोल्ड अक्षर पुरेसे मोठे ठेवले म्हणजे तोल साधतो. खरे तर रंगा घेतल्यावर त्यातलेच इंग्रजी वापरावे आणि ॲमॅटिक सोडून द्यावा, असे पुष्कळदा वाटते, आणि गिऱ्हाईक ऐकणारे असेल तर मी तसेच करतो. कलम हा फाँटही लोक सुचवतात. तो सुंदर आहे, पण तो वहीत भरभर लिहिलेल्या हस्ताक्षराचा फाँट आहे आणि त्याची रुंदी मोकळी आहे, त्यामुळे ॲमॅटिकच्या सावकाश काढलेल्या कॅपिटल अक्षरांशी त्याचे सूत जमत नाही.

तीनही लिप्या एका कुटुंबातल्या हव्या असतील तर मात्र ॲमॅटिकचा नाद सोडून एक टाइप या मुंबईच्या संस्थेच्या अनेक या फाँटकुटुंबाकडे जावे. 2022 मध्ये आलेल्या या कुटुंबात लॅटिन धरून दहा लिप्या आहेत, त्यांत देवनागरी आणि कन्नड दोन्ही येतात, आणि प्रत्येक लिपीत चिंचोळ्यापासून रुंदापर्यंत हवी ती रुंदी निवडता येते, तीही अक्षर न दाबता. कन्नड साधारण रुंदीत, मराठी थोडी चिंचोळी आणि इंग्रजी सर्वांत चिंचोळी अशी मांडणी केली तरी पाटीवर तीन अनोळखी माणसे उभी असल्यासारखे वाटत नाही. त्यात हाताने काढल्याची गंमत ॲमॅटिकइतकी नाही, पण एक मिस्कील लवचीकपणा आहे. त्याच संस्थेचा बलू हा गोलमटोल फाँट कन्नडसह अनेक लिप्यांत मिळतो आणि मुलांच्या वस्तूंच्या दुकानाला तो शोभतो. तो चिंचोळा मात्र अजिबात नाही.

देवनागरी सोबती निवडताना एक छोटी परीक्षा घ्यावी. ‘दुसऱ्या’, ‘ॲडव्होकेट’, ‘कॅफे’ आणि ‘शाल’ असे चार शब्द टाइप करून पाहावेत. पहिल्यात र्‍य नीट येतो का, दुसऱ्यात ॲ ऐवजी रिकामा चौकोन येतो का, आणि ल, श ही अक्षरे मराठी वळणाची येतात की हिंदी वळणाची, हे तिथल्या तिथे कळते. ज्यांच्याकडे अजून जुने कोरल आहे त्यांनी युनिकोड फाँट वापरताना ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे विस्कटत नाहीत ना, हेही पाहावे. आपल्याकडचे पुष्कळ काम अजून श्रीलिपी या भारतीय लिप्यांच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटांवर चालते त्याचे एक कारण हे आहे.

या सगळ्यापेक्षा चांगला एक मार्ग आहे आणि तो जुना आहे. इंग्रजी ॲमॅटिकमध्ये ठेवून मराठी आणि कन्नड नाव पेंटरकडून किंवा हाताने अक्षर काढणाऱ्याकडून काढून घ्यावे, ते स्कॅन करून रेघ स्वच्छ करावी आणि तेच कायमचे नाममुद्रा म्हणून वापरावे. मराठीत मथळ्याचे अक्षर हाताने काढण्याची परंपरा किती समृद्ध आहे हे कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षके ज्यांनी पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगायला नको; 2020 मध्ये गेलेल्या या कलावंताने नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणातच दाखवला. त्या मानाने ॲमॅटिकची खेळकर वृत्ती फारच सौम्य आहे. बेळगावात ब्रश धरणारे हात आता कमी उरले आहेत, तरी शिवजयंतीच्या चित्ररथांचे आणि गणेशोत्सवाच्या देखाव्यांचे फलक लिहिणारी माणसे अजून आहेत, आणि एका नावासाठी त्यांना जे द्यावे लागते ते पाटीच्या एकूण खर्चात नगण्य असते.

छपाईच्या बाजूने हा फाँट हट्टी आहे. ऑफसेटवर आणि चांगल्या डिजिटल छपाईत त्याची रेघ स्वच्छ उतरते. फ्लेक्सवर मात्र मोठ्या आकारात घेतल्याशिवाय तिच्या कडा विरघळतात. व्हिनाइल कटिंगला तो त्रासदायक ठरतो, कारण हाताच्या रेघेचा भास देण्यासाठी कडेवर जे बारीक चढउतार ठेवलेले असतात त्या प्रत्येकावर कटरचे पाते वळते, आणि नको असलेले व्हिनाइल काढताना बारीक अक्षरे त्याबरोबर उचलली जातात. अक्षराला कोरलमध्ये बाहेरून पातळ कंटूर (समांतर कड) देऊन ते मूळ अक्षरात वेल्ड (एकजीव) करावे म्हणजे रेघ जाड होते आणि काम सुकर होते. आतून दिवे लावायच्या ॲक्रिलिक अक्षरांसाठी हा फाँट घेऊ नये. एलईडी बसवायला रेघेच्या आत जागाच उरत नाही. शहापूरच्या साडी दुकानांना लागणाऱ्या न विणलेल्या कापडी पिशव्यांवर स्क्रीन प्रिंटिंग करताना कापडाचे पोत खरखरीत असल्याने रेग्युलर वजनाची रेघ तुटते, बोल्ड मात्र बऱ्यापैकी उतरते, आणि एक रंगात छापलेली अशी पिशवी दिसायला खरोखर देखणी होते.

लग्नपत्रिकेत त्याला मानाचे स्थान द्यायला माझी हरकत नाही. वधूवरांची नावे, त्यांखाली तारीख, आणि बाकी सर्व मराठी मजकूर मुक्तासारख्या शांत फाँटात, ही मांडणी डोळ्यांना सुखावते. सोनेरी फॉइल करायचे असेल तर आधी नमुना काढून घ्यावा, कारण बारीक रेघेवर फॉइल एकसारखे बसत नाही. आजकाल पत्रिका कागदापेक्षा व्हॉट्सॲपवर अधिक फिरते, आणि तिथे चित्र आकुंचन पावते. अशा पत्रिकेत मंगल कार्यालयाचा पत्ता आणि मुहूर्ताची वेळ या फाँटात लिहिली तर घरातल्या वयस्कर मंडळींना ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. ‘श्री गजानन प्रसन्न’ इंग्रजी अक्षरांत ॲमॅटिकमध्ये लिहिलेले मी पाहिले आहे; त्यावर मी काही बोलत नाही.

लेबलांच्या बाबतीत एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण कुंदा, करदंट, मसाले आणि लोणची घरून किंवा छोट्या कारखान्यातून विकणाऱ्यांची संख्या आपल्या जिल्ह्यात मोठी आहे. उत्पादनाचे नाव ॲमॅटिकमध्ये छान दिसते, हाताने केलेल्या वस्तूला हातचे अक्षर हे समीकरण गिऱ्हाइकाच्या मनात पटकन जुळते. पण आवेष्टित वस्तूंच्या 2011 च्या वैधमापन नियमांत किंमत, निव्वळ वजन इत्यादी सक्तीच्या माहितीच्या अक्षरांची आणि आकड्यांची किमान उंची ठरवून दिलेली आहे, आणि त्याबरोबरच त्यांची रुंदी उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा कमी असू नये असेही म्हटले आहे. सूट आहे ती फक्त 1 हा आकडा आणि इंग्रजी आय, एल यांसारख्या मुळातच बारीक अक्षरांना. चिंचोळा फाँट या मर्यादेच्या काठावर चालतो, आणि जागा वाचवण्यासाठी त्याला आणखी दाबले की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून लेबलावर नाव तेवढे ॲमॅटिकमध्ये ठेवावे. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, घटक आणि पत्ता मुक्ता किंवा अनेकच्या साधारण रुंदीत लिहावे. मेनूकार्डालाही हीच शिस्त लागू करावी असा माझा आग्रह असतो, कारण किमतीच्या बारीक, उभट आकड्यांत 3 आणि 8 मंद उजेडात एकमेकांसारखे दिसू लागतात आणि बिलाच्या वेळी वाद होतो.

शाळांच्या कामात तो स्नेहसंमेलनाच्या फलकापुरता किंवा हस्तलिखिताच्या मुखपृष्ठापुरता ठीक आहे. अक्षरे गिरवणाऱ्या मुलांच्या पुस्तकात तो नको, कारण तिथे स्मॉल अक्षरे हवीत आणि ती त्यात नाहीत.

घेताना रेग्युलर आणि बोल्ड या दोन्ही फाइली उतरवून घ्याव्यात. एकच उतरवून सॉफ्टवेअरमधले बी हे बटण दाबले तर संगणक रेग्युलरलाच फुगवून खोटे बोल्ड तयार करतो, अक्षरांच्या आतल्या पोकळ्या बुजतात आणि रेघेचे डुलणे नाहीसे होते. पाट्यांवर दिसणारे पुष्कळसे बेढब ॲमॅटिक असेच जन्माला आलेले असते. गूगल डॉक्समध्ये तो उपलब्ध आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाला नाव कसे दिसेल हे घरी बसून पाहता येते आणि मग आराखडा करणाऱ्याकडे येता येते. त्याचा नेहमीचा पॉइंट आकार इतर फाँटांपेक्षा लहान भासतो. 24 पॉइंटच्या खाली तो मी कागदावर वापरत नाही आणि शीर्षकाला 48 च्या पुढेच सुरुवात करतो. अक्षरांमधले अंतर किंचित वाढवले तर लहान आकारात तो जास्त सुवाच्य होतो, मोठ्या आकारात मात्र आहे ते अंतर राहू द्यावे. छपाईला फाइल देताना ती कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करून, द्यावी, नाहीतर प्रेसच्या संगणकावर फाँट नसल्यामुळे त्याच्या जागी भलताच फाँट येतो; आणि कर्व्ह न केलेली मूळ प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण फोन नंबर बदलला किंवा दुकान दुसऱ्या गल्लीत गेले की तीच लागते.